री-रेझसमोर एक्का-चौकी टाकावी की ठेवावी?

फोंड्याहून (धागाकर्ता):
गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळण्यास मनाई असल्यामुळे आमचे पोकर घरच्या ओटीवर, बिनपैशांच्या चिप्सवर चालते. यंदा चवथीच्या जागरणात दोघांच्या सामन्यात, म्हणजे हेड्स-अपमध्ये, जो वाद झाला तो येथे मांडतो. दोघांपुढेही १०० मोठ्या ब्लाइंडइतक्या (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) चिप्स होत्या. मी बटणावरून (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरून) अडीच ब्लाइंडचा रेझ केला, म्हणजे बोली वाढवली, आणि समोरच्याने री-रेझ करून ती दहावर नेली. माझ्या हाती दोन वेगळ्या रंगांची एक्का-चौकी होती, ती मी टाकली, म्हणजे फोल्ड करून डाव सोडला. त्याच्या आधीच्या एका डावात मात्र तशाच री-रेझला मी इस्पिकची अठ्ठी-सत्ती घेऊन कॉल केला होता, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून डावात राहिलो होतो. एक्का टाकून सत्ती सांभाळणारा हा कसला खेळाडू, असे सगळे म्हणाले.

माझा हिशेब असा. कॉल करण्यासाठी साडेसात ब्लाइंड घालावे लागतात आणि पॉट (मध्ये जमलेल्या एकूण चिप्स) वीसचा होतो, म्हणजे हाताला त्यातला सरासरी किमान ३७.५ टक्के वाटा मिळायला हवा. समोर एक्का-राजा असेल तर एक्का-चौकीला जेमतेम पाव वाटा मिळतो, अठ्ठी-सत्तीला मात्र ४० टक्क्यांच्या आसपास. शिवाय पुढे टेबलावर उघडणाऱ्या पत्त्यांतून एक्क्याची जोडी लागली तरी पुढच्या प्रत्येक बेटला माझा जीव टांगणीलाच राहणार, कारण चौकीचा आधार काहीच नाही.

म्हापशाहून:
आपण आपल्याला सोयीचा पत्ता समोर ठेवला आहे. समोर राजा-राणी असेल तर एक्का-चौकीच पुढे असते आणि अठ्ठी-सत्ती मागे पडते. राजांची जोडी असली तरीही एक्का-चौकीला सुमारे ३० टक्के संधी राहते, तर अठ्ठी-सत्तीला त्याहून कमी. हेड्स-अपमध्ये समोरचा माणूस केवळ एक्का-राजा पाहूनच री-रेझ करत नाही. आपण लावलेले अडीच आणि त्याचा आधीच लागलेला एक, असे ३.५ ब्लाइंड मिळवण्यासाठी तो आणखी ९ पणाला लावतो, म्हणून आपण शंभरातून ७२ पेक्षा अधिक वेळा हात टाकलात तर त्याला कोणतेही दोन पत्ते चालतात. एक्केच टाकत गेलात तर ही मर्यादा कधी ओलांडली गेली ते आपल्याला कळणारही नाही.

डिचोलीहून:
मला दोघांचेही पटत नाही. ७२ चा आकडा जो माणूस खरोखर वाटेल त्या पत्त्यांवर री-रेझ करतो त्याच्यापुरता खरा आहे. ओटीवरचे आपले खेळाडू (मी स्वतः धरून) एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या किंवा एक्का-राजा आल्याशिवाय दहावर जात नाहीत. त्यांच्यासमोर अठ्ठी-सत्तीलाही तीस टक्क्यांच्या आसपासच मिळते, म्हणून दोन्ही हात टाकावेत. २०१७ साली पिट्सबर्गमध्ये लिब्राटस या पोकर खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, म्हणून त्याच्यासारखे खेळावे असे काही जण म्हणतात. पण तेथे प्रत्येक डाव २०० ब्लाइंडने सुरू होत असे. एवढ्या खोल चिप्स असल्या की एका रंगाच्या लागोपाठच्या पत्त्यांची किंमत वाढते, ती आपल्या शंभराच्या खेळात तशीच धरता येत नाही.

फोंड्याहून (धागाकर्ता):
डिचोलीकरांचा मुद्दा मान्य. त्या चार-पाच हातांवरच री-रेझ करणारा समोर असेल तर मीही अठ्ठी-सत्ती टाकीन. परंतु त्या रात्री समोर बसलेला माझा मावसभाऊ दर तिसऱ्या डावाला री-रेझ करत होता, त्यामुळे तो हिशेब त्याला लागू नाही. म्हापशाच्या मित्रांना एवढेच सांगतो की ७२ ची मर्यादा कोणत्या हातांनी पाळायची ते आपल्या हाती आहे. एक्का-नव्वी, राजा-दश्शी, लहान जोड्या आणि एका रंगाचे लागोपाठचे पत्ते ठेवूनही ती सहज पाळता येते.

काणकोणहून:
कॉल आणि फोल्ड यांच्यापलीकडे तिसरा मार्ग कोणी मांडलाच नाही. एक्का-चौकी कधीकधी थाप म्हणून, म्हणजे हात कमजोर असताना समोरच्याला डाव सोडायला लावण्यासाठी, पुन्हा रेझ करायला उत्तम आहे. आपल्या हाती एक एक्का असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी येण्याचे सहा प्रकार तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळा प्रकार बारावर.

म्हापशाहून:
तर मग एक्का टाकणे चूकच ठरले ना?

काणकोणहून:
नाही, त्यासाठी एका रंगाची एक्का-चौकी निवडावी. तिचे प्रकार चारच आहेत, वेगळ्या रंगांचे बारा. ते बाराही बडवत सुटलात तर थापांची संख्या खऱ्या हातांपुढे फार वाढेल आणि मावसभावाला ते दोन रात्रींत उमगेल. शिवाय कॉल झालाच तर एका रंगाच्या पत्त्यांना फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागण्याची आशा तरी उरते.

म्हापशाहून:
एका रंगाचे पटले. वेगळ्या रंगांची एक्का-चौकी मात्र, समोरचा दर तिसऱ्या डावाला री-रेझ करत असेल आणि तोही दहाऐवजी आठवरच नेत असेल, तर मी कॉलच करीन. तेथे साडेपाच घालून सोळाच्या पॉटसाठी ३४.४ टक्केच पुरतात.

फोंड्याहून (धागाकर्ता):
आठवर नेला तर मीही विचार करीन. त्याने दहावरच नेला होता.