सोसायटी ग्रुप : सासूबाईंबरोबर बघण्यासारखा सिनेमा कुठला?

बी ३०४ : सुट्टीमुळे सगळे घरी आहेत. सासूबाईंनाही बरोबर बसवायचंय. त्या सारख्या मधूनच उठून जातात. अलीकडचा एखादा चांगला सिनेमा सुचवा ना. भुताचा नको.

सी १०१ : काकू, ‘छावा’ राहिला असेल तर तोच बघा. विकी कौशलने जीव ओतलाय.

बी ५०३ : परेश मोकाशींचा ‘वाळवी’. बायकोला मारायचा कट रचतात आणि तो असा फिसकटत जातो की जागचं हलवत नाही.

ए २०२ : काकू, सासूबाईंना ऐकू कितपत येतं? माझ्या आईच्या दोन्ही कानांना यंत्र आहे, म्हणून विचारते. मी काही सिनेमातली जाणकार नव्हे, महिन्याला एखादा बघते. पण दोन वर्षं आईला घेऊन बघतेय आणि माझी आवडच बदलली.
एकदा एका मोठ्या युद्धपटाला गेलो होतो. मध्यंतराला दिवे लागले तर आईची दोन्ही यंत्रं पर्समधल्या डबीत. म्हणाली, “नुसता गोंगाट येतोय गं, शब्द येत नाहीत.” यंत्र बोलण्याबरोबर बाकीचंही मोठं करतं. ढोल, तलवारी आणि संवाद एकदम आले की तिला काहीच वेगळं काढता येत नाही. उरलेला सिनेमा तिने ओठांकडे बघून काढला आणि मी तिच्या कानाशी “तो असं म्हणाला” करत बसले. तेव्हापासून मी सिनेमाचा प्रकार बघतच नाही. माणूस बोलत असताना मागचं संगीत गप्प बसतं का, एवढं बघते.

सी १०१ : पण ताई, मोठ्या पडद्याची मजाच आवाजात आहे ना?

ए २०२ : मोठ्या आवाजाशी माझं भांडण नाही रे. ‘ओपनहायमर’ आठव. ट्रिनिटीचा, म्हणजे पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीचा स्फोट होतो, पडदाभर आग, आणि आवाज गायब. नुसता श्वास ऐकू येतो. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून येतो, ते अंतर दिग्दर्शक नोलनने सोडलंय. मग जो दणका बसतो तो त्या शांततेमुळे. पहिल्या मिनिटापासून दणकेच दिले तर कान बधिर होतात.
आणि ‘छावा’ म्हणशील तर त्यातला अक्षय खन्नाचा औरंगजेब मला फार आवडला. किती खालच्या पट्टीत बोलतो, तरी धडकी भरते.

बी ५०३ : १००% खरं. ‘गॉडझिला मायनस वन’ही तसाच वाटला. अक्राळविक्राळ प्राण्याचा सिनेमा, दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालेला, पण मला लक्षात राहिला तो युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणारा वैमानिक.

सी १०१ : भुताचा नको म्हणालात, नाहीतर ‘मुंज्या’ सांगणार होतो.

ए २०२ : त्यातली सुहास जोशींची आजी मस्त आहे. पण आवाजाने दचकवलेली भीती घरी येईपर्यंत उतरते. न उतरणारी भीती बघायची असेल तर ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ बघ. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीला लागून तिथल्या कमांडंटचं घर. बाग, फुलझाडं, तलावात खेळणारी पोरं. भिंतीपलीकडे काय चाललंय ते दाखवतच नाहीत. ऐकू येतं फक्त. लांबून गोळी, किंकाळी, आणि कधी न थांबणारी घरघर. २०२४ मध्ये ध्वनीचं ऑस्कर त्याला मिळालं. तो मी एकटीने बघितला. आईला नाही दाखवला. तिला त्यात नुसती बाग दिसली असती.

बी ५०३ : बापरे. हे वाक्य डोक्यातून जाणार नाही आता.

बी ३०४ : अगं, सासूबाईंना डाव्या कानाने कमीच येतं. मला वाटायचं, कंटाळून उठतात.

ए २०२ : आईही तशीच उठायची काकू. दर वेळी “काय म्हणाला?” विचारायचा संकोच वाटतो. मग झोप आली म्हणायचं आणि आत जायचं.
म्हणून सांगते, ‘फ्लो’ बघा. लाटव्हियाचा ॲनिमेशनपट आहे. गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाने ब्लेंडर या कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. सगळ्या सिनेमात एक शब्द नाही. पूर येतो, एक काळं मांजर कसंबसं होडीत चढतं, मग त्या होडीत कॅपिबारा (घुशीसारखा, पण खूप मोठा प्राणी), माकडासारखा लेमूर, कुत्रा, एक मोठा पक्षी. एकमेकांशी पटवून घेत जातात. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, त्याचा स्वतःचा फार चिरका म्हणून.
आई शेवटपर्यंत यंत्र लावून बसली. मांजर पाण्याखाली गेलं तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही, दोघींनी एकाच वेळी बघितला. चार दिवसांनी भाजी निवडताना मधेच म्हणाली, “मांजर ओरडलं ना, ते मला ऐकू आलं.”

बी ३०४ : आता ‘फ्लो’च लावते. आणि बोलपट हवा असेल तर?

ए २०२ : ‘लापता लेडीज’. त्यात माणसं एकमेकांचं बोलणं पुरतं ऐकून घेतात. छाया कदमची मंजूमाई हरवलेल्या नव्या नवरीला, फूलला, स्टेशनावर दोन शब्द सुनावते तो भाग आईने दोनदा लावायला सांगितला. ‘वाळवी’ही चालेल. फक्त कॅप्शन, म्हणजे पडद्यावर खाली येणाऱ्या संवादाच्या ओळी, कुठल्या भाषेत आहेत ते आधी बघा. इंग्रजी ओळी भराभर जातात, आईला त्या वाचवत नाहीत.

सी १०१ : थिएटरमध्ये कॅप्शनची सोय नसते का?

ए २०२ : मार्च २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कॅप्शन आणि कमी दिसणाऱ्यांसाठी श्राव्य वर्णन द्यावं अशा मार्गदर्शक सूचना काढल्यात. तिकीट काढताना विचारत जा सगळ्यांनी. मी एकटीने विचारलं की समोरचा नुसता बघत राहतो. दहाजणांनी विचारलं तर कुणीतरी वर कळवेल.

सी १०१ : या वेळी नक्की विचारतो ताई.

बी ३०४ : अगं, सासूबाई विचारतायत, तुझी आई परत बघेल का तो मांजराचा?

ए २०२ : बघेल म्हणाली! शनिवारी चारला आमच्याकडेच घेऊन या त्यांना. डाव्या कानाने कमी येतं ना, मग भिंतीकडची खुर्ची त्यांना ठेवते. आईला त्यांच्या उजव्या हाताला बसवते.