शोकनायकाचा दोष नेमका शोधायचा कसा?

तिसरी घंटा

शेक्सपिअर आणि त्याच्या काळातल्या इंग्रजी शोकांतिकांवर लिहिताना गाडी एकाच ठिकाणी अडते. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे चालढकल, लिअर म्हणजे अहंकार. एवढं लिहून झालं की पुढे सांगायला काही उरत नाही, आणि मग पाच अंकांची गरज काय होती असं वाटायला लागतं. दोष संहितेतूनच पकडायची काही पद्धत आहे का? आणि प्रत्येक शोकनायकात तो असतोच का?

संहितावाचक

स्वभावाला नाव देण्याची घाई करू नका, आधी निर्णय शोधा. नायकाने काय ठरवलं, त्या क्षणी दुसरी वाट उघडी होती का, त्याला कोणी सावध केलं होतं का, आणि हीच सवय त्याआधी कुठे बिनबोभाट चालून गेली होती, हे चार प्रश्न समोर ठेवा. चौथा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे आणि नेमका तोच सुटतो.

ऑथेल्लोमध्ये सगळे थेट तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशावर उडी मारतात. त्याआधी दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश वाचा. रात्री मारामारी होते, सेनापती ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ दारूच्या अमलात असतो. ऑथेल्लो येतो, चौकशी करतो, कॅसिओच्या तोंडून शब्द फुटत नाही, जखमी माँटानो म्हणतो की ऑथेल्लोच्या विश्वासातल्या (आणि मनातून कपटी) इयागोला विचारा, आणि इयागोची साक्ष संपताच कॅसिओची नोकरी जाते. रणांगणावरच्या सेनापतीला हे शोभतं: शंका आली की निकाल, निकाल लागला की अंमल. तीच सवय पुढच्या अंकात घरात शिरते, बायको डेस्डेमोना आणि कॅसिओ यांच्यावरच्या संशयाच्या रूपाने. तिथे तो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो खरा, पण पदरात पडतं ते कॅसिओच्या झोपेतल्या बडबडीचं वर्णन आणि एका रुमालाची गोष्ट, दोन्ही इयागोच्याच तोंडून. प्रवेश संपायच्या आत कॅसिओला तीन दिवसांत मारायचा हुकूम सुटलेला असतो. इयागोची बायको एमिलिया हिची उलटतपासणी होते चौथ्या अंकात, म्हणजे निकाल लागून गेल्यावर. ती डेस्डेमोनाच्या बाजूने शपथेवर बोलते तरी ती साक्ष तो झटकून टाकतो. मत्सर आहेच, पण त्या मत्सराला वाट करून देते ती झटपट न्याय करण्याची सवय, आणि तिच्यामुळेच व्हेनिस त्याच्यावर विसंबून होतं. समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४च्या व्याख्यानग्रंथात हेच मांडलंय की शेक्सपिअरच्या नायकाला बुडवणारा गुणविशेष त्याच्या थोरपणाचाही भाग असतो.

मॅकबेथची महत्त्वाकांक्षा तपासायला त्याचा सहकारी सेनानी बँको शेजारी उभा करा. चेटकिणींचं राजपदाचं भाकीत दोघांनीही ऐकलंय. बँकोच्याही मनात नको ते विचार येतात, म्हणूनच दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो ते आवरण्याची प्रार्थना करतो. मग फरक कुठे पडला? पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ स्वतःच खून न करण्याची कारणं मांडतो: डंकन नातलग, राजा, पाहुणा, आणि वर सज्जन. आपल्याकडे महत्त्वाकांक्षेवाचून दुसरं निमित्त नाही हेही तो कबूल करतो आणि बेत रद्द झाल्याचं बायकोला सांगतो. पन्नासेक ओळींत ती त्याला फिरवते, तेही राज्याचं आमिष दाखवून नाही तर त्याच्या मर्दानगीवर बोट ठेवून. आता तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश उघडा. बँकोवर मारेकरी घालताना मॅकबेथ त्यांना हाच टोमणा मारतो: तुम्ही पुरुष आहात ते फक्त यादीपुरते. ज्या हत्याराने तो स्वतः घायाळ झाला तेच तो उचलतो. हा धागा हाती लागला की पुढचा निबंध आपोआप बांधला जातो.

विंगेतून

वरच्या पद्धतीला तालमीच्या अंगाने एक पुस्ती. दोष पहिल्या प्रवेशापासून ‘दाखवू’ नका. पहिल्या अंकात डोळे बारीक करून वावरणारा ऑथेल्लो उभा केलात तर इयागोला कामच उरत नाही आणि तिसऱ्या अंकातली चढण सपाट होते. पहिल्या अंकात तो तलवारी उपसलेल्या माणसांना एका वाक्यात थांबवतो, सिनेटसमोर शांतपणे बोलतो. ती शांतता पूर्ण खरी हवी. हॅम्लेटचंही तसंच. सुरुवातीपासून नुसता मरगळलेला हॅम्लेट संहितेशी जुळत नाही. प्रार्थना करणाऱ्या क्लॉडियसवरची, म्हणजे बापाच्या खुनी काकावरची, तलवार तो मागे घेतो आणि लगेच पुढच्या प्रवेशात पडद्याआड कोण आहे हे न बघता पोलोनियसला भोसकतो. ‘हा कृतीच करत नाही’ हे विधान तिथेच कोसळतं.

पाचवा अंक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असतोच असं नाही.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात हॅमार्शियाचा (शोकनायकाच्या चुकीचा) उल्लेख केला तो ग्रीक नाटकं समोर ठेवून. त्यात अजाणतेपणी झालेली चूकही बसते. तिला फक्त स्वभावदोष समजून इंग्रजी नाटकांवर ठोकून बसवलं की ओढाताण होते. नाटककार वेबस्टरची मॅल्फीची डचेस बघा. विधवा बाई आपल्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न करते आणि भाऊ तिचा जीव घेतात. यात तिचा दोष शोधायला गेलात तर नकळत तिचा भाऊ फर्डिनंड याच्या बाजूने बोलायला लागाल. शिवाय ती चौथ्या अंकातच मरते. पाचवा अख्खा अंक मारणाऱ्यांची वाताहत दाखवतो. कुजलेलं काय आहे ते नाटकाच्या रचनेतूनच दिसतं.

रोमिओ-ज्युलिएटमध्ये उतावीळपणा आहे हे मान्य, पण फ्रायर जॉनला प्लेगच्या संशयावरून घरात कोंडलं जातं म्हणून पत्र पोचत नाही. त्याचं खापर कुणाच्या स्वभावावर फोडणार?

कोरिओलेनसची गंमत याहून न्यारी. गर्वामुळे या रोमन सेनापतीला रोममधून हाकललं जातं आणि तो शत्रूला मिळून रोमवर चालून येतो हे खरं. पण जीव जातो तो गर्व मोडल्यामुळे. पाचव्या अंकात आई गुडघे टेकते, तो गप्पपणे तिचा हात धरतो (ही शांतता रंगसूचनेतच लिहिलेली आहे), रोम वाचतं आणि शत्रूचा सेनापती ऑफिडियस याला त्याला मारायचं निमित्त मिळतं. परीक्षेत ‘गर्व’ एवढंच लिहून हे नाटक संपवणं म्हणजे त्याचा सर्वांत मोठा क्षण गाळणं.

तिसरी घंटा

हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. मार्लोच्या फॉस्टसलाही चार प्रश्नांची पद्धत लागू पडेल का? तिथे तर सैतानाशी करारच आहे: चोवीस वर्षांच्या बदल्यात आत्मा. ज्ञानाची हाव हाच दोष ना?

संहितावाचक

लागू पडते, आणि उत्तर पहिल्याच स्वगतात सापडतं. फॉस्टस एकेक विद्या बाजूला सारत बायबलपाशी येतो आणि वाचतो की पापाचं वेतन मृत्यू आहे. तिथेच थांबतो. त्याच वचनाचा पुढचा अर्धा भाग देवाने दिलेल्या अनंत जीवनाविषयी आहे. तो वाचतच नाही. मग योहानाच्या पत्रातलं वचन घेतो, की आपण निष्पाप आहोत असं म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. लगेच पुढच्या वचनात क्षमा आहे, तीही गाळतो. एवढा विद्वान माणूस अर्धा मजकूर वाचून निष्कर्ष काढतो. क्षमा आपल्यासाठी नाहीच, ही समजूत त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. म्हातारा येऊन विनवतो तेव्हाही नाही. म्हणून हाव हे अर्धंच उत्तर आहे. आणि हावेचं पुढे होतं काय, तर पोपची थट्टा आणि डचेससाठी हिवाळ्यात द्राक्षं.

लिहिताना कोणती संहिता घेतली ते मात्र जरूर नमूद करा. १६०४ आणि १६१६ या दोन छापील प्रतींत बराच फरक आहे. १६१६च्या प्रतीत शेवटाकडे सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस सांगतो की तू धर्मग्रंथ बघत होतास तेव्हा पानं मीच उलटली आणि तुझी नजर मीच वळवली. १६०४च्या प्रतीत हे बोलणं नाही. तिथे अर्धं वचन वाचणारा फॉस्टस एकटाच आहे.