माफी मागायची तर जयंतीच्या स्टेजवरच काहून?

पैनगंगाकाठ: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून पेटलेल्या १९७८ च्या नामांतर दंगलीत ती पोस्ट टाकणारे गृहस्थ म्हणे १७ वर्षांचे. नदीपल्याड नांदेडच्या हद्दीत दलित वस्ती पेटवणाऱ्या घोळक्यात होते. आता उमरखेडकडे राहतात, १४ एप्रिलला स्टेजवर माफी मागून व्हिडिओ टाकणार. जयंती वस्तीची, मंडप वस्तीच्या वर्गणीचा, आणि माइक यांच्या हाती? हजार माणसांपुढं हात जोडले की ज्याचं घर जळलं त्याला ‘नाही करत माफ’ म्हणायची सोय उरते का? आधी ते घर शोधा. मधल्या माणसाकरवी विचारा, भेटायचं का. नाही म्हणाले तर तिथंच थांबायचं. हो म्हणाले तर शाल, हार, फोटोवाला न घेता जायचं आणि काय केलं ते सांगायचं: रॉकेल कोणी आणलं, कुडाला काडी कोणी लावली, कणगीतली जवारी जळताना आपण कुठं उभे होतो. ‘झालं ते वाईट झालं’ या वाक्यात कर्ताच सापडत नाही.

निळी पाखर: जाळलं गावासमोर, मग माफी दाराआड का? उद्या गाव म्हणेल, असं काही झालंच नाही. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. त्या दंगलीत मारल्या गेलेल्या पोचिराम कांबळेंचं नाव आम्ही घेतो. जाळणाऱ्यांपैकी उठून कोण बोललं? एक बोलतोय तर तुम्हाला मंडपाच्या वर्गणीची काळजी!

कोर्टकचेरी: व्हिडिओ म्हणजे कबुलीजबाब, एवढं लक्षात घ्या. घर जाळणं म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४३६, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. खटल्याला मुदतीची अट ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना. दंगलीचं कलम १४७ केव्हाच मुदतबाह्य झालं, ४३६ ला मुदतच नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, लोकांपुढची चालते, कच्चा पुरावा म्हणून का होईना. आणि ‘रॉकेल कोणी आणलं’ सांगायला लावणाऱ्यांनो, त्यात दुसऱ्याचं नाव आलं की माफीची चुगली होते. आपलं तेवढं सांगावं.

वऱ्हाडी ठेचा: १७ चा होता ना? मंग पोरगंच. काहून भेववता बावा?

कोर्टकचेरी: १७ कशावरून? वयाचा मुद्दा कधीही मांडता येतो, पण आधी शाळेचा दाखला पाहतात, नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. साठी ओलांडलेल्याची हाडं काय सांगणार!

पऱ्हाटी: दाखला! अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की गुरुजी लिहायचे, ६ वर्षं पूर्ण. लांब हाताचं पोरगं वर्षभर आधीच शाळेत.

वऱ्हाडी ठेचा: अन् नोकरीले कामी पडते म्हून दोन वर्सं कमी लावत, ते? यानं बी लावले असन.

पऱ्हाटी: म्हणजे दाखल्यावर १७, खरं १९. लांब हाताचा असला तर उलटं.

निळी पाखर: वा! घर जळलं एकाचं अन् चर्चा गुरुजींच्या मोजमापाची. १७ चा हात असो की १९ चा, काडी सारखीच पेटते. लाज वाटू द्या.

पऱ्हाटी: चिडू नका ताई. तंटामुक्ती समितीत मिटवा ना.

कोर्टकचेरी: ही मोहीम २००७ ची, किरकोळ भांडणांसाठी. ४३६ तडजोडीचं कलमच नाही. समितीच्या रजिस्टरात सही केली की आणखी एक लेखी कबुली, बस.

पैनगंगाकाठ: निळी पाखर, गावासमोर हवी, मान्य. पण त्या घरानं सांगितलं तरच, आणि जयंती सोडून दुसऱ्या दिवशी. नुकसानीची यादीही त्यांनीच करावी: कणगी, शेळ्या, पोराचं दप्तर. भाव यांनी लावू नये.

निळी पाखर: क्रम पटला, नाइलाजानं. पण पहिल्या भेटीत पैशाचं नाव काढलं तर दारातूनच हाकलतील, अन् बरोबरच करतील.

वऱ्हाडी ठेचा: हे समदं त्या पोस्टवाल्याले कोन सांगनार? त्यानं तं व्हिडिओवाल्याले इसार देल्ला म्हनते.