मदत हवी आहे: प्रतिभाताई पाटलांच्या आमदारकीचं कार्यवृत्त नागपुरात मिळेल का?

राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल (२००४ ते २००७) म्हणून प्रतिभाताईंवर भरपूर छापून आलंय, आमदारकीवर मात्र त्रोटकच. १९६२ ला जळगाव, १९६७ पासून एदलाबाद. 'मुक्ताईनगर' टाकून शोधलं तर काही हाती लागत नाही. त्या काळी मतदारसंघाचं नाव एदलाबादच होतं.

हवंय ते १९७२ ते ७४ च्या नागपूर अधिवेशनांचं कार्यवृत्त. तेव्हा त्या समाजकल्याण मंत्री, म्हणजे त्यांचं बोलणं प्रश्नोत्तरं आणि लक्षवेधींतच जास्त सापडणार. सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनात बाहेरच्या वाचकाला हे खंड बघू देतात का? अर्ज कोणाच्या नावे करायचा? झेरॉक्स मिळते, की हातानंच उतरवून घ्यायचं? अधिवेशनाच्या गर्दीत विचारण्यात अर्थ नाही, म्हणून आत्ताच विचारतोय.

२००६ मध्ये त्यांनी राजस्थानचं धर्मस्वातंत्र्य विधेयक परत पाठवलं होतं, त्याचा मूळ संदेश कुणाकडे असेल तर तोही द्या.