‘झिरो कर’ की ‘झिरोला ने’? छोट्या सीएनसीवरचे शब्द

पाटीवाली, सातारा

नमस्कार. घरी ३०१८ जातीचं छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं कोरायचं मशीन आहे, जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरवर चालतं. सागवानी फळीवर दाराच्या नावपाट्या कोरते. चुलतभाऊ फोनवरून सेटिंग सांगतो आणि आमचं एकाच वाक्यावर अडतं: “एक्स झिरो कर.” कधी त्याला म्हणायचं असतं, कटर झिरोवर घेऊन जा. कधी म्हणायचं असतं, कटर आहे तिथेच झिरो मान. शिवाय होम, मशीन झिरो, जॉब झिरो, ऑफसेट हे शब्द तो एकमेकांच्या जागी वापरतो. यांचे नेमके अर्थ कुणी सांगेल का?

व्हीएमसी सेटर, भोसरी

ताई, नवीन पोरगं मशीनवर आलं की आम्हालाही आधी हेच निस्तरावं लागतं. प्रश्न अगदी कळीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होम ही मशीनची जागा, जॉबची म्हणजे कोरायच्या फळीची नव्हे. ‘डॉलर एच’ ही कमांड दिली की आधी उभा अक्ष झेड वर जातो, मग आडवे एक्स आणि वाय कोपऱ्याकडे सरकतात. अक्षाच्या टोकाचा लिमिट स्विच दाबला गेला की थोडं मागे येऊन पुन्हा हळू टेकतात. तेव्हा कुठे कंट्रोलरला आपली जागा कळते. त्याआधी मोटरला किती स्टेप दिल्या एवढाच हिशेब त्याच्याकडे असतो. फळी बदला, कटर बदला, होम हलत नाही. आमच्याकडे मोठ्या मशीनवर याला रेफरन्स म्हणतात, “मशीन रेफरन्सला घे” असं.

जॉब झिरो तुम्ही ठरवता. पाटीचा डावा खालचा कोपरा घ्या नाहीतर मधोमध घ्या, ड्रॉइंग जिथून काढलंय तिथे तो हवा.

आता ऑफसेट. हे शून्य नव्हेच, हे मशीन झिरो, म्हणजे होम करताना स्विच दाबला जातो ती जागा, आणि जॉब झिरो यांच्यामधलं अंतर आहे. समजा होम झाल्यावर तुम्ही कटर पाटीच्या कोपऱ्यावर नेला आणि मशीनचा आकडा एक्स उणे २१०, वाय उणे १४० दिसला. तिथे जॉब झिरो धरलात की हेच दोन आकडे कंट्रोलरच्या मेमरीत जी५४ नावाच्या घरात साठतात. पुढे मशीन उणे १९० वर असेल तेव्हा जॉबचा आकडा २० दिसेल. मशीनच्या आकड्यातून ऑफसेट वजा केला की जॉबचा आकडा, एवढंच गणित. जी५४ ते जी५९ अशी सहा घरं असतात, म्हणजे टेबलावर सहा जॉब लावून प्रत्येकाचा झिरो वेगळा ठेवता येतो.

म्हणून नुसतं “झिरो” कधीच म्हणू नये. होम म्हणा किंवा जॉब झिरो म्हणा.

गणिताच्या बाई

भावाच्या वाक्यातली खरी अडचण क्रियापदाची आहे असं मला वाटतं. “झिरोला ने” म्हटलं की हालचाल आली, “झिरो धर” म्हटलं की नाव दिलं. “झिरो कर” मध्ये दोन्ही मावतात, म्हणून घोळ. ‘धरणे’ हे क्रियापद आपल्याला शाळेपासून ओळखीचं आहे: क्ष बरोबर पाच धरू. तिथे काहीच हलत नाही, आपण फक्त ठरवतो.

पाठ्यपुस्तकात अक्ष जिथे छेदतात त्याला आरंभबिंदू म्हणतात. जॉब झिरोला तो शब्द चालेल का? आणि ऑफसेटसाठी एक जुना शब्द सुचतो. तेल घ्यायला घरची बरणी नेली की दुकानदार आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा, म्हणजे तिच्या भाराइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचा आणि मग तेल मोजायचा. मूळ काटा तोच, मोजणी मात्र बरणीनंतर सुरू. हा धडा म्हणजेच ऑफसेट ना?

व्हीएमसी सेटर, भोसरी

बाई, ‘धर’ एकदम बरोबर. आमच्याकडे “झिरो मार”, “ऑफसेट घे” असं चालतं, पण ‘धर’ जास्त नेमकं आहे, आणि त्याचं कारण कामातच आहे. ६ मिमीचा कटर पाटीच्या डाव्या कडेला टेकवला तर कटरचं केंद्र कडेच्या ३ मिमी डावीकडे असतं. तिथे “झिरो कर” म्हटलं तर सगळी अक्षरं ३ मिमी सरकतात. म्हणायला हवं, “इथे एक्स उणे तीन धर.” कमांडही तेच सांगते: जी१० एल२० पी१ एक्स उणे ३. झेडलाही तसंच. टच प्लेट, म्हणजे माहीत जाडीची धातूची पट्टी, फळीवर ठेवून झेड घेतला तर टेकल्या जागी प्लेटच्या जाडीइतका झेड धरायचा. हालचालीची कमांड वेगळी, जी० एक्स०. ती द्यायच्या आधी झेड वर घेतलाय का ते बघायचं, नाहीतर कटर फळीतून ओढत जाईल.

धडा शब्द अर्थाला चपखल बसतो, समजावून सांगायला मी नक्की वापरेन. पण रोजच्या बोलण्यात ‘धडा’ म्हटल्यावर पोरांना पुस्तकातलाच आठवेल. ऑफसेट रुळलाय, तो राहू द्या. आरंभबिंदूचंही तेच. वर्कशॉपमध्ये जॉब झिरोच म्हणणार, पण मराठीत लेख लिहिताना आरंभबिंदू जरूर वापरावा, वाचणाऱ्याला अक्ष आणि निर्देशक लगेच आठवतात.

पाटीवाली, सातारा

खूप आभार दोघांचे. पण माझ्या मशीनला लिमिट स्विचच नाहीत. मग माझा होम कुठे?

व्हीएमसी सेटर, भोसरी

तुमच्याकडे होम नाही, ताई. मशीन चालू करताना कटर जिथे असेल तीच जागा कंट्रोलर मशीन झिरो समजतो. जी५४ चा आकडा मात्र वीज गेली तरी मेमरीत राहतो, आणि घात इथेच होतो. आकडा जुना, तो ज्या जागेपासून मोजला ती जागा नवी. ऑफसेट आहे म्हणून विसंबलात तर पाटी भलतीकडे कोरली जाईल. अर्ध्या कामात वीज गेली, तर स्विच असलेला माणूस पुन्हा होम करून त्याच जी५४ वर पुढचं काम धरतो. तुम्हाला कोपरा पुन्हा हाताने शोधावा लागेल. म्हणून पाटीला दोन पक्के स्टॉप लावा आणि कोपरा स्वच्छ ठेवा. जमलं तर तीन स्विच बसवा, फार खर्चाचं काम नाही. स्विच असलेल्या मशीनवर चालू केल्यावर अलार्म दिसतो तो याचसाठी. ‘डॉलर एक्स’ देऊन तो उडवता येतो, पण ते म्हणजे होम न करताच कुलूप काढणं. त्याला कुणी होम केलं म्हणू नये.

पाटीवाली, सातारा

कळलं. स्विच मागवते. भावाच्या मशीनला स्विच आहेत, पण होम झाल्यावर त्याच्या स्क्रीनवर शून्याऐवजी उणे एक दिसतं. ते चुकलंय का?

व्हीएमसी सेटर, भोसरी

नाही, बरोबर आहे. शून्य असतं स्विच दाबला जातो त्या जागी. होम झाल्यावर जीआरबीएल तिथून थोडं मागे सरकून थांबतं, म्हणजे स्विच दाबलेला राहत नाही. सेटिंग २७ मध्ये हे अंतर असतं, मुळात १ मिमी. होमचा कोपरा धन दिशेच्या टोकाला असल्यामुळे मागे येणं म्हणजे उणेकडे जाणं, म्हणून तिन्ही अक्षांवर उणे एक. तेव्हा भावाला सांगा, होम करून मशीन थांबतं ती जागा आणि मशीन झिरो यांतही १ मिमीचा फरक आहे. हे दोन शब्दसुद्धा एकमेकांच्या जागी वापरू नयेत.