मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन, पण डेस्कटॉप कुठला?

बाबांचा लॅपटॉप २०१४चा, रॅम ४ जीबी. विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून डेबियन १३ (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टिम) टाकायला घेतलं. इन्स्टॉलर निमूट चालला होता, तेवढ्यात डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या पट्ट्या-मेनू-खिडक्यांच्या मांडणीची, यादी समोर आली: ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी... तिथेच अडलोय.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, ग्नोम दाखवलं होतं. मला आवडलं. बाबांनी पाच मिनिटांत विचारलं, "खालची पट्टी कुठे गेली? आणि ही खिडकी बाजूला कशी ठेवायची?" मिनिमाइझचं बटण तिथे मुळातच नसतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

त्यांचं काम थोडकं: सोसायटीची पत्रं (इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत), बँकेची साइट, नातवाशी व्हिडिओ कॉल. अक्षर मात्र मोठं हवं. मी पुण्यात, ते साताऱ्यात. दर रविवारी फोनवर "उजवीकडे वर बघा, अजून वर" करायची माझ्यात ताकद नाही. एक्सएफसीई हलकं आहे म्हणतात, पण त्यात मराठी कीबोर्ड नीट चालतो का? की सरळ सिनॅमन घेऊ?

प्रतिसाद १: एक्सएफसीई टाका. कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट टॅबमध्ये 'सिस्टम डीफॉल्ट' बंद करा आणि भारतीय गटातला मराठी इन्स्क्रिप्ट जोडा. पॅनलवर (म्हणजे पट्टीवर) कीबोर्ड लेआउटचं प्लगइन ठेवलंत की आत्ता मराठी चालू आहे की इंग्रजी, ते बाबांना दिसत राहील. वरच्या पॅनलचं लॉक काढून ते खाली ओढा, खालचा डॉक (आयकॉनची छोटी पट्टी) उडवा. झाली त्यांची पट्टी. अक्षरासाठी फॉन्टमध्ये डीपीआय (अक्षराचा आकार ठरवणारा आकडा) वाढवा. एकच कटकट: खिडकीच्या कडा दोऱ्याएवढ्या बारीक, माउसच्या हाती लागत नाहीत. ऑल्ट धरून उजव्या बटणाने ओढायला शिकवा.

सिनॅमनही चांगलं आहे, पण तुलनेने जड. 'बघू तर' म्हणून दोन-तीन डेस्कटॉप एकदम टाकू नका, मेनूत सगळं दुप्पट होतं. आणि खरं सांगायचं तर ४ जीबीत डेस्कटॉपपेक्षा ब्राउझरच जास्त खातो. हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) घाला.

धागाकर्ता: हार्ड डिस्कच आहे, ५०० जीबीची. रविवारी एसएसडी घेऊनच साताऱ्याला जातो. बाबांचा एकच प्रश्न उरलाय, पत्त्यांचा सॉलिटेअर मिळेल ना?

प्रतिसाद १: मिळेल. आइलरायट (aisleriot) नावाचं पॅकेज टाका.