बाबांच्या पावसाच्या वहीसाठी ज्युलिया ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची आहे, सुरुवात कशी करू?

वावरातली_दिग्रस

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दिग्रस तालुक्यातली. बीएस्सी अ‍ॅग्री झालं आहे, सध्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब बघते. बाबांनी अंगणात पर्जन्यमापक लावलेलं आहे आणि २००० सालापासून ते रोज सकाळी वहीत पाऊस लिहितात. ती वही मी आणि धाकट्या भावाने एक्सेलमध्ये उतरवली.

मला त्यातून एकच गोष्ट काढायची आहे. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर, सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगांवर असताना, पावसाचा खंड किती दिवसांचा पडतो आणि तो वाढत चालला आहे का? गावात कोणी म्हणतं वाढला, कोणी म्हणतं पहिलेपासून असाच आहे. मला वही समोर ठेवून बोलायचं आहे.

एक्सेलमध्ये सरासरी निघते, पण लागोपाठचे कोरडे दिवस मोजायला गेलं की सूत्रं आवरत नाहीत. कॉलेजातल्या एका सिनियरने ज्युलिया सुचवली. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. घरी नेट धड चालत नाही. प्रोग्रामिंग कधी केलेलं नाही. जमेल का?

अकोल्याचा_गडी

ताई, पायथन शिका ना. ज्युलियात काही अडलं तं इकडे कोनाले इचारसान? पायथनचे मराठी व्हिडिओ भेटतात, नोकरीतही तेच मागतात. त्यातलं पांडास हे तक्त्यांचं पॅकेज घेतलं की एक्सेलची फाइल सरळ उघडते. मी तं हेच सांगीन.

आकडेमोड_आर्वी

अकोल्याच्या भाऊंचं नोकरीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. नोकरीसाठी शिकायचं असतं तर मीही पायथनच म्हटलं असतं. पण तुमचा प्रश्न ठरलेला आहे, तक्ता हातात आहे, आणि या कामाला ज्युलिया मला जास्त आवडते. मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, मुलांना हेच दाखवतो.

ज्युलिया २०१२ साली जाहीर झाली, १.० आवृत्ती २०१८ ची. तिच्या चार कर्त्यांपैकी विरल शहा हे भारतीय. फुकट आहे. वेगाचं कौतुक तुम्ही ऐकाल, त्याकडे लक्ष देऊ नका. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, २५ वर्षांच्या झाल्या ३,०५० ओळी. एवढ्याला कुठलीही भाषा पुरते. मला ती आवडते ते तक्त्यातल्या रिकाम्या घरासाठी. नोंद नसलेल्या दिवसाला ती ‘मिसिंग’ म्हणते, आणि एक जरी मिसिंग असला तरी सरासरीचं उत्तरही मिसिंगच देते. तो वगळायचा असेल तर ‘स्किपमिसिंग’ असं तुम्हाला स्वतः लिहावं लागतं. पावसाच्या वहीत ‘पाऊस नाही’ आणि ‘लिहिलं नाही’ या दोन गोष्टी एक झाल्या तर खंडाचा सगळा हिशेबच खोटा पडतो.

तालुक्याला जिथे नेट चांगलं मिळेल तिथे एकदा बसून ज्युलिया आणि सीएसव्ही (फाइल वाचायला), डेटाफ्रेम्स (तक्ता हाताळायला) ही दोन पॅकेजेस, म्हणजे तयार जोडण्या, उतरवून घ्या. पॅकेजसाठी ज्युलिया उघडून उजवा चौकटी कंस दाबला की आज्ञा लिहायची वेगळी ओळ (प्रॉम्प्ट) येते, तिथे ‘अ‍ॅड’ लिहून नाव द्यायचं. पहिल्यांदा बराच वेळ घेईल, बंद करू नका. नंतर घरी नेट लागत नाही. प्लूटो नावाची वही-पद्धत छान आहे, एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं एक्सेलसारखं आपोआप बदलतं. पण ४ जीबीवर ब्राउझरसकट जड जाईल, म्हणून आधी साध्या काळ्या खिडकीतच शिका.

एक्सेलमधून फाइल काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. रकान्याचं नाव ‘पाऊस’ असं मराठीत ठेवलं तरी ज्युलियाला चालतं. आकडे मात्र देवनागरीत असतील तर ती त्यांना अक्षरंच समजते. दहाही अंक ‘रिप्लेस’ने बदलून मग ‘पार्स’ करा, म्हणजे अक्षरांचे आकडे होतील. तारखेच्या साच्यात महिन्यासाठी लहान एम लिहा, मोठा एम म्हणजे मिनिटं.

आता खंड. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच पावसाचा दिवस धरतं, तीच रेघ घ्या. गिनती शून्यावर ठेवायची. ओळीमागून ओळ घ्यायची, पाऊस २.५ पेक्षा कमी असेल तर गिनतीत एक मिळवायचा, नाहीतर झालेली गिनती यादीत टाकून परत शून्य. वर्ष बदललं की उरलेली गिनतीही यादीत टाका आणि शून्यापासून सुरू करा. हे सगळं ‘फंक्शन’च्या, म्हणजे नाव दिलेल्या आज्ञांच्या गटाच्या, आत लिहा. फाइलमध्ये मोकळं फॉर-लूप (ओळीमागून ओळ तेच काम करणारी आज्ञा) लिहून बाहेरची गिनती बदलायला गेलात तर ज्युलिया अडते, आणि नवीन माणूस तिथेच वैतागून सोडून देतो.

वावरातली_दिग्रस

सर, फाइल वाचली गेली! भावाने टाकलेली दोन वर्षं देवनागरी आकड्यांत निघाली, ती बदलली. आता फंक्शन मध्येच थांबतं आणि ‘नॉन-बूलियन मिसिंग’ अशी चूक दाखवतं. एका ऑगस्टमध्ये चार घरं रिकामी आहेत. बाबांना विचारलं तर म्हणाले, तेव्हा आम्ही सगळे लग्नाला वाशीमला होतो. ‘कोअलेस’ने (मिसिंगच्या जागी दुसरा आकडा देणारी आज्ञा) तिथे शून्य भरू का?

आकडेमोड_आर्वी

भरू नका. तुम्ही वाशीमला असताना दिग्रसला धो-धो पडला असेल तर? मिसिंग २.५ पेक्षा कमी आहे का, याचं उत्तरही मिसिंगच येतं, आणि त्यावर ‘इफ’ला हो की नाही ठरवता येत नाही म्हणून ती थांबली. आधी ‘इझमिसिंग’ने तपासा. मग त्या वर्षाचा हिशेब दोनदा करा. एकदा ते चार दिवस कोरडे धरून, एकदा ओले धरून. दोन्ही उत्तरं तक्त्यात शेजारी लिहा. दोन्हींत फारसा फरक नसेल तर ते वर्ष बिनधास्त वापरा. फरक मोठा आला तर ते वर्ष वेगळ्या रंगाने दाखवा.

आणखी एक. तुमच्या महसूल मंडळाच्या आकड्यांशी वही ताडून बघणार असाल तर तारीख सांभाळा. सकाळी मोजलेला पाऊस आदल्या चोवीस तासांचा असतो. बाबा तो मोजल्या दिवशी लिहितात की आदल्या तारखेला, ते विचारून घ्या. एक दिवस सरकला तर दोन्ही नोंदी बरोबर असूनही जुळणार नाहीत.

वावरातली_दिग्रस

विचारलं. २०११ पर्यंत आदल्या तारखेला लिहायचे, पुढे मोजल्या दिवशी. आधी तेच सरळ करते, मग खंडांची यादी इथे टाकते.